जुन्या मोटारीची ‘बैठक’ साधताना

बरीच वर्षे शेडमध्ये पडून असलेली जुनी मोटार दुरुस्त होऊन बाहेर येते. रंग नवा असतो, क्रोमचे बंपर चकाकत असतात, इंजिनही एका दमात सुरू होते. तरीही गाडी अंगणात उभी राहिली की पाहणाऱ्याला काहीतरी खटकते. कधी पुढचा भाग उंचावलेला दिसतो, कधी मागची बाजू बसलेली असते, तर कधी चालकाच्या बाजूला गाडी किंचित कललेली वाटते. गाडीची ‘बैठक’ बिघडलेली असते. ती दुरुस्त करण्याचे काम वरकरणी सोपे भासते; स्प्रिंगखाली एखादी चकती सरकवली किंवा स्प्रिंगचा एक वेढा कापला की झाले, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात जुन्या मोटारीच्या दुरुस्तीत एवढी फसवी कामे थोडीच असतील. गाडी वळणावर कशी वागेल, ब्रेक दाबल्यावर सरळ थांबेल की नाही, टायर किती टिकतील, या साऱ्यांचा संबंध या बैठकीशी असतो.

बैठक म्हणजे नेमके काय?

गाडीची बैठक आणि ग्राउंड क्लिअरन्स या दोन गोष्टींची नेहमी गल्लत केली जाते. ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे गाडीच्या तळाचा सर्वांत खालचा भाग आणि रस्ता यांमधील अंतर. मोठ्या घेराचे टायर घातले की ते वाढते. बैठक मात्र सस्पेन्शनच्या स्थितीवरून ठरते. गाडी स्वतःच्या वजनाने उभी असताना चाकाचा मध्यबिंदू आणि गाडीचा सांगाडा यांचे परस्परांशी जे नाते असते, ती तिची बैठक होय. टायर बदलल्याने सगळी गाडी जमिनीपासून वर उचलली जाईल. पण सस्पेन्शनच्या आर्मचा कोन तोच राहील.

हा कोन महत्त्वाचा असतो, कारण अभियंत्याने सस्पेन्शनची सारी भूमिती त्याच्याभोवती रचलेली असते. खड्ड्यात चाक किती खाली जाईल, उंचवट्यावर किती वर येईल, वर-खाली होताना ते आत किंवा बाहेर किती झुकेल, स्टिअरिंगचा दांडा त्याला किती वळवेल, हे सर्व एका ठरावीक मध्यस्थितीपासून मोजलेले असते. गाडी त्या स्थितीपेक्षा वर किंवा खाली बसली, तर गणित तेच राहते. त्याचा आरंभबिंदू मात्र चुकतो.

गाडी बसते कशामुळे?

बैठक बिघडल्याचे दिसताच स्प्रिंगवर दोष टाकला जातो. बहुतेक वेळा तो खरा असतोही. पोलादी स्प्रिंग वर्षानुवर्षे भार वाहून हळूहळू कायमची दबते. पाट्यांच्या स्प्रिंगची कमान सपाट होते, कॉइल स्प्रिंगची मुक्त लांबी कमी होते. तथापि, कारणे आणखीही असतात. आर्मच्या टोकांना असलेले रबरी बुश झिजून चेपले की त्या कोपऱ्याची उंची बदलते. मागच्या पाट्यांना धरणारे शॅकल गंजून अडकले की स्प्रिंग मोकळेपणी पसरू शकत नाही. दमट, खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीत तर स्प्रिंग जेथे टेकते तो पत्राच गंजून वर चेपलेला आढळतो. अशा गाडीत नवी स्प्रिंग बसवणे म्हणजे कुजलेल्या तुळईवर नवे छप्पर घालण्यासारखे आहे.

एक गैरसमज तर सर्वत्र आढळतो. गाडी बसली म्हणून शॉक ॲब्सॉर्बर बदलले जातात आणि उंचीत फरक पडला नाही की मालक नाराज होतो. गाडीचे वजन पेलण्याचे काम स्प्रिंगचे असते. शॉक ॲब्सॉर्बर केवळ स्प्रिंगचे हेलकावे आवरतो. जुन्या पद्धतीचा, तेलावर चालणारा शॉक ॲब्सॉर्बर हाताने दाबला तर सावकाश आत जातो आणि तसाच राहतो. वायूचा दाब भरलेले आधुनिक प्रकार गाडीला किंचित उचलतात, पण तो त्यांचा दुय्यम परिणाम आहे.

गाडी एका बाजूला कललेली असेल, तर दोष त्याच कोपऱ्यात असेल असे नाही. चार पायांच्या टेबलाचा एक पाय आखूड असला की समोरचा तिरपा पायही अधांतरी होतो, तसेच मोटारीचे आहे. मागची डावी स्प्रिंग दबली, तर पुढची उजवी बाजू उचललेली दिसू शकते. अशा वेळी पुढच्या उजव्या स्प्रिंगशी खटपट केल्यास गाडी दिसायला समतल होईल. परंतु चार चाकांवरील भार विषम राहील आणि जोरात ब्रेक लावल्यावर ती एका बाजूला ओढेल. म्हणून एक टोक जॅकवर मधोमध उचलून दुसरे टोक आपोआप समतल होते का, हे आधी पाहिले जाते. ते समतल झाले, तर दोष उचललेल्या टोकात आहे.

मोजमाप आधी, पाना नंतर

नीट मोजमाप झाले की निम्मे काम झाले. जागा समतल हवी. अंगणातील फरशी डोळ्यांना सपाट वाटली तरी पाण्याच्या निचऱ्यासाठी तिला उतार दिलेला असतो. टायर योग्य मापाचे व योग्य हवेचे असावेत. गाडीच्या मूळ दुरुस्ती-पुस्तिकेत इंधन, सुटे चाक आणि प्रवासी यांबाबत जी अट दिलेली असेल ती पाळावी, कारण काही उत्पादक रिकाम्या गाडीचे माप देतात, तर काही ठरावीक भार ठेवून.

जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजू नये. उचलल्यावर चाके लोंबतात व आत ओढली जातात. खाली उतरवल्यावर टायर रस्त्याला घट्ट धरून राहतात आणि गाडी खऱ्या उंचीपेक्षा वर अडकते. तिला थोडे पुढे-मागे ढकलून, चारही कोपरे काही वेळा दाबून सोडल्यावरच ती आपल्या जागी बसते. माप घेताना मडगार्डच्या कमानीवर विसंबणेही धोक्याचे असते. पन्नास वर्षांच्या आयुष्यात मडगार्ड किती वेळा ठोकून, भरून, बदलून झाले असेल याचा नेम नसतो. पुस्तिका बहुधा आर्मचा बोल्ट, चाकाचा मध्य किंवा चासीवरील ठरावीक बिंदू यांची मापे देते. तीच घ्यावीत आणि चारही कोपऱ्यांची नोंद कागदावर ठेवावी.

नव्या स्प्रिंग बसवल्या असतील, तर अंतिम माप काही दिवस गाडी चालवल्यानंतर घ्यावे. नवी स्प्रिंग सुरुवातीला थोडी बसते आणि पहिल्या दिवशी उंच दिसणारी गाडी महिन्याभरात अचूक जागी येऊ शकते.

पाटे आणि कॉइल

महाराष्ट्राला सर्वांत परिचित जुनी मोटार म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ‘प्रीमिअर पद्मिनी’. फियाट ११०० च्या आराखड्यावर १९६४ मध्ये ‘डिलाइट’ या नावाने आलेल्या गाडीचेच ते पुढचे नाव. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. खासगी संग्रहांत मात्र या गाड्या जपल्या जात आहेत. तिच्या पुढच्या चाकांना दुहेरी विशबोन व कॉइल स्प्रिंग, तर मागे सरळ ॲक्सल आणि पाटे अशी रचना आहे. त्या काळातील असंख्य मोटारींची हीच ठेवण होती.

अशा गाडीत उंची बदलण्यासाठी कोणताही स्क्रू दिलेला नसतो. मागचे पाटे दबले असतील, तर उत्तम उपाय म्हणजे पूर्ण जोडी उतरवून कुशल कारागिराकडून त्यांना पुन्हा मूळ कमान देणे, किंवा नवी जोडी घेणे. एखादा जादा पाटा घालण्याची पद्धत रूढ आहे. त्याने गाडी वर येते, परंतु स्प्रिंगही कडक होते. रिकामी गाडी मग प्रत्येक खड्ड्यावर मागून उडते. गाडी खाली आणण्यासाठी ॲक्सल व पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालतात. अशा वेळी प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्याचा कोन बदलून कंप सुरू होऊ शकतो, हे लक्षात घेतले जात नाही.

कॉइल स्प्रिंगखाली चकती घालतानाही एक हिशेब असतो. स्प्रिंग चाकावर थेट बसलेली नसते. ती आर्मच्या मध्ये कोठेतरी टेकते. ती साधारण मध्यावर असेल, तर १० मिलिमीटर जाडीची चकती चाकापाशी सुमारे २० मिलिमीटरचा फरक घडवते. हा तरफेचा नियम विसरून हव्या तेवढ्याच जाडीची चकती घातली, की गाडी दुप्पट उंच होते आणि सारे काम उलगडून पुन्हा करावे लागते.

स्प्रिंगचा वेढा कापणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग पडणारा मार्ग. कॉइल स्प्रिंगचा कडकपणा तिच्या कार्यरत वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. आठ वेढ्यांतून एक कापला की उरलेली स्प्रिंग सुमारे १४ टक्क्यांनी कडक होते. गाडी खाली येते, चाकाला वर जाण्यास जागा कमी उरते आणि रबरी बंपस्टॉपवर आदळणे सुरू होते. शिवाय कापलेले टोक मूळ खाचेत नीट बसत नाही. चाक पूर्ण लोंबल्यावर स्प्रिंग जागेवरून हलण्याचा धोका असतो. गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून बसवण्याचा प्रकार तर पूर्णतः वर्ज्य मानला पाहिजे. पोलादाला दिलेले पाणी त्या उष्णतेने उतरते आणि पुढे ती स्प्रिंग केव्हा दबेल किंवा तुटेल हे सांगता येत नाही.

दात्यांचे गणित

उंची जुळवण्याची सोय मूळ रचनेतच असलेल्या गाड्याही आहेत. त्यांत टॉर्शन बारच्या गाड्या अग्रेसर. टॉर्शन बार म्हणजे पोलादाची एक लांब दांडी. तिचे एक टोक चासीला पक्के, तर दुसरे सस्पेन्शनच्या आर्मला जोडलेले. चाक वर गेले की दांडीला पीळ बसतो आणि तो पीळच स्प्रिंगचे काम करतो. फर्डिनांड पोर्शे यांच्या कार्यालयाने या रचनेचे पेटंट १९३१ मध्ये दाखल केले होते. ब्रिटनमध्ये ॲलेक इसिगोनिस यांनी १९४८ च्या मॉरिस मायनरला पुढे टॉर्शन बार दिले. मॉरिस ऑक्सफर्डवर आधारलेल्या आपल्या ॲम्बेसेडरच्या पुढच्या चाकांनाही तेच होते.

उंची जुळवण्याच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण फोक्सवॅगन बीटलच्या मागच्या सस्पेन्शनचे आहे. १९३८ मध्ये आकाराला आलेल्या आणि जुलै २००३ मध्ये मेक्सिकोतील पुएब्ला येथे उत्पादन थांबेपर्यंत २ कोटी १५ लाखांहून अधिक संख्येने बनलेल्या या गाडीत मागच्या आसनाखाली एक आडवी नळी असते. तिच्यात दोन टॉर्शन बार बसवलेले असतात. प्रत्येक बारचे आतले टोक नळीच्या मध्यभागी आणि बाहेरचे टोक स्प्रिंग प्लेट नावाच्या पोलादी पट्टीत अडकते. दोन्ही टोकांना खोल दाते कोरलेले आहेत. मात्र त्यांची संख्या सारखी नाही. आत ४० दाते, तर बाहेर ४४.

या चार दात्यांच्या फरकात रचनाकारांची चतुराई आहे. आतले टोक एका दात्याने फिरवले की बार ३६० भागिले ४०, म्हणजे ९ अंशांनी फिरतो. बाहेरची प्लेट एका दात्याने फिरवली की ३६० भागिले ४४, म्हणजे सुमारे ८ अंश १० मिनिटांनी फिरते. स्प्रिंग प्लेटची लांबी ४० सेंटिमीटर धरली, तर यांपैकी कोणत्याही एका दात्याने चाकाची उंची साडेपाच ते सव्वासहा सेंटिमीटरने बदलेल. एवढा मोठा फरक सहसा कोणालाच नको असतो. पण आतले टोक एका दिशेने एक दाता आणि बाहेरची प्लेट उलट दिशेने एक दाता फिरवली, तर निव्वळ फरक केवळ ५० मिनिटांचा, म्हणजे एका अंशाहूनही कमी उरतो. चाकापाशी तो सहा मिलिमीटरच्या आसपास भरतो. व्हर्नियर कॅलिपरवर सूक्ष्म माप घेण्याचे जे तत्त्व शाळेच्या प्रयोगशाळेत शिकवले जाते, तेच येथे पोलादाच्या दात्यांत उतरले आहे.

प्रत्यक्ष काम मात्र जपून करावे लागते. गाडी भक्कम लोखंडी घोड्यांवर ठेवली जाते. विटांचा किंवा एकट्या जॅकचा भरवसा धरणे जिवावर बेतू शकते. चाक उतरवल्यावर स्प्रिंग प्लेट आणि ॲक्सल यांच्या जोडावर छिन्नीने खूण केली जाते. हा जोड पुढे-मागे सरकणारा असल्याने खूण नसेल, तर मागच्या चाकाची दिशाच चुकते. त्यानंतर शॉक ॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट काढून हँडब्रेकची केबल सैल करतात आणि ॲक्सल प्लेटपासून वेगळा केला जातो.

स्प्रिंग प्लेट चासीवरील एका थांब्यावर प्रचंड ताणाखाली टेकलेली असते. ती खाली जॅकचा आधार ठेवून, अंग बाजूला ठेवून थांब्यावरून उतरवायची असते. नाहीतर ती बंदुकीच्या घोड्यासारखी सुटते. प्लेट मोकळी झाल्यावर तिचा गाडीच्या तळाशी होणारा कोन कोनमापकाने मोजतात आणि पुस्तिकेतील आकड्याशी ताडतात. प्लेट जितकी खाली झुकलेली, तितकी गाडी वर. हा आकडा साल व मॉडेलनुसार बदलतो, म्हणून दुसऱ्या बीटलचा कोन पाहून आपल्या गाडीला लावू नये. दोन्ही बाजूंचा कोन सारखा ठेवणे आवश्यक असते.

बार बाहेर काढल्यास त्यावरील रंग खरवडू नये, पक्कडीने धरू नये. पिळाखाली काम करणाऱ्या पोलादात बारीकसा ओरखडाही तडा जाण्याची सुरुवात ठरतो. डावा व उजवा बार कारखान्यातच विरुद्ध दिशांनी ताण देऊन तयार केलेले असतात आणि त्यांच्या टोकांवर तशी खूण असते. त्यांची अदलाबदल केल्यास ते लवकर तुटतात.

उंची आणि सुरक्षितता

बीटलच्या उदाहरणातूनच उंचीचा सुरक्षिततेशी असलेला संबंधही स्पष्ट होतो. तिच्या जुन्या मॉडेलांत मागे ‘स्विंग ॲक्सल’ होता. या रचनेत ॲक्सलला सांधा फक्त गिअरबॉक्सपाशी असतो, चाकापाशी नसतो. त्यामुळे चाक वर-खाली होताना कंपासच्या टोकासारखे झुकते. गाडीची मागची बाजू उंच केली की दोन्ही चाकांचे तळ आत वळतात. वेगाने वळण घेताना बाहेरच्या चाकावरील बल गाडीला आणखी वर ढकलते, चाक अधिकच आत मुडपते, टायरची पकड एकाएकी सुटते आणि गाडीचे शेपूट फिरते.

हा धोका केवळ पुस्तकी नाही. अमेरिकेत शेव्हरोले कॉर्व्हेअर या मोटारीच्या १९६० ते १९६३ च्या मॉडेलांतील स्विंग ॲक्सलवर राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात टीकेची झोड उठवली होती. कंपनीने त्याआधीच १९६४ च्या मॉडेलला मागे एक आडवी पाट्यांची स्प्रिंग जोडली होती आणि १९६५ मध्ये मागचे सस्पेन्शनच बदलले. फोक्सवॅगननेही १९६० च्या दशकाच्या अखेरीस बीटलच्या काही मॉडेलांत दोन्ही टोकांना सांधे असलेले ॲक्सल आणले. स्विंग ॲक्सलची गाडी स्पीडब्रेकरला घासू नये म्हणून मागून उंच करून घेणारा मालक नकळत नेमक्या याच धोक्याला आमंत्रण देतो.

गाडी खाली केली तर उलट घडते. चाके वरून आत झुकतात, टायरची आतली कड झिजते. पुढच्या सस्पेन्शनमध्ये आणखी एक गुंतागुंत असते. स्टिअरिंगचा टाय रॉड आणि सस्पेन्शनचा आर्म मूळ उंचीवर जवळजवळ समान वर्तुळांत फिरतील, अशी योजना असते. उंची बदलली की ही वर्तुळे जुळत नाहीत आणि प्रत्येक खड्ड्यावर चाक स्वतःहून थोडे वळते. चालकाला मग सरळ रस्त्यावरही स्टिअरिंगशी झगडावे लागते.

शेवटचे पाने

उंची मनासारखी झाली म्हणजे काम संपले, असे नव्हे. बहुतेक जुन्या गाड्यांतील रबरी बुश हे दोन लोखंडी नळ्यांमध्ये घट्ट चिकटलेले रबर असते. ते घसरत नाही, पिळले जाते. गाडी हवेत आणि चाके लोंबत असताना त्यांचे बोल्ट आवळले, तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहते. ते लवकर फाटते, शिवाय तो पीळ गाडीला काही मिलिमीटर वर धरून ठेवतो आणि घेतलेले माप खोटे ठरते. म्हणून हे बोल्ट आधी हलके लावून, गाडी चाकांवर उभी राहून आपल्या जागी बसल्यावरच पूर्ण ताकदीने आवळायचे असतात. नवे बुश काही महिन्यांतच फाटल्याच्या तक्रारींमागे अनेकदा एवढेच कारण असते.

त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट तपासावे. टो-इन आणि कॅम्बर उंचीबरोबर बदलतात. म्हणून उंची आधी, अलाइनमेंट नंतर हा क्रम उलटू नये. हेडलाइटचा झोत पुन्हा जुळवावा, कारण गाडीचे नाक थोडे वर गेले तरी समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून टायर किंवा ब्रेकचा होज कोठे घासत नाही ना, हे पाहावे. शंभरेक किलोमीटरनंतर यू-बोल्ट व इतर नट पुन्हा एकदा तपासावेत.

काही गाड्यांची तऱ्हा याहून निराळी असते. १९५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या सिट्रोएन डीएस या मोटारीत स्प्रिंगची जागा तेल आणि नायट्रोजन वायूने घेतली होती. तिच्यातील स्वयंचलित नियंत्रक भार कितीही असला तरी उंची कायम राखतो. ती जुळवायची तर या नियंत्रकाचे दांडे योग्य स्थितीत आणावे लागतात. १९५९ च्या मिनीमध्ये ॲलेक्स मोल्टन यांनी रचलेले रबरी शंकू स्प्रिंगचे काम करीत. १९६४ पासून काही वर्षे तिच्या बहुतेक मॉडेलांत त्यांच्याऐवजी द्रव भरलेली प्रणाली आली. तिच्यात उंची पंपाने दाब भरून साधली जाते. या गाड्यांना पाना-हातोड्यापेक्षा त्यांची पुस्तिका आणि जाणकार अधिक उपयोगी पडतो.

मूळ स्वरूपाचे मोल

उंचीच्या प्रश्नाला आता कायद्याचीही बाजू आहे. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना स्पष्ट केले. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली आणि मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यांत येतात. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. झिजलेली स्प्रिंग बदलून गाडी कारखान्याच्या मापावर आणणे ही दुरुस्ती होय. चासीचा आधार कापून, वेल्डिंग करून गाडी जमिनीला टेकवणे हा फेरफार आहे आणि तो बहुधा परत फिरवता येत नाही.

जुन्या मोटारीची उंची जुळवताना म्हणूनच एक साधा क्रम पाळावा. आधी मोजावे, मग कारण शोधावे, झिजलेले बदलावे आणि त्यानंतरच, गरज उरली तर, दात्यांना किंवा चकत्यांना हात लावावा. अनेकदा बुश व शॅकल बदलल्यावर गाडी आपोआप आपल्या जागी येते आणि पुढचे काम करावेच लागत नाही.